सर आशुतोष मुखर्जी आणि विद्यापीठाचा जमाखर्च

विद्यापीठांचे इतिहास बहुधा विद्वानांच्या नामावळीने लिहिले जातात. कोणत्या अध्यासनावर कोण बसले, कोणता ग्रंथ कोणत्या साली निघाला, कोणास कोणता सन्मान लाभला, एवढे नोंदले की इतिहासकाराचे काम संपले असे मानण्याचा प्रघात आहे. त्या अध्यासनांचे वेतन कोठून आले, ते कोणी मंजूर केले, आणि मंजूर करणाऱ्यांना जमाखर्च वाचता येत होता काय, हे प्रश्न कारकुनी समजून बाजूला सारले जातात. सर आशुतोष मुखर्जी यांच्या चरित्राचा विचार मात्र हे प्रश्न वगळून करताच येत नाही. भारतीय भाषांना विद्यापीठाच्या एम. ए. परीक्षेत स्वतंत्र स्थान मिळवून देणारा हा पुरुष पस्तीस वर्षे एका विद्यापीठाचा अर्थसंकल्प वाचीत, रचीत आणि लढवीत होता. त्यांचे यश आणि त्यांची मर्यादा, दोन्हींचा उगम त्या अर्थसंकल्पात आहे.

आशुतोषांचा जन्म २९ जून १८६४ रोजी कलकत्त्यात बहूबाजार भागात झाला. वडील गंगाप्रसाद हे नामांकित डॉक्टर होते. पुढे हे कुटुंब भवानीपुरात स्थायिक झाले. आई जगत्तारिणीदेवी यांचा त्यांच्या मनावरील प्रभाव अखेरपर्यंत टिकला. १८७९ च्या प्रवेश परीक्षेत ते दुसरे आले. प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी गणिताचा ध्यास घेतला, १८८५ मध्ये गणितात व पुढल्या वर्षी भौतिक शास्त्रांत एम. ए. पदवी मिळविली आणि १८८६ मध्येच प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीचा मान संपादन केला.

या शिष्यवृत्तीचा मराठी वाचकाच्या परिचयातील मुंबई शहराशी निकट संबंध आहे. मुंबईतील कापसाचे प्रख्यात व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६६ मध्ये कलकत्ता विद्यापीठास दोन लक्ष रुपये दिले होते. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा याच दात्याच्या औदार्यातून उभे राहिले. कापसाच्या तेजीनंतर आलेल्या मंदीत प्रेमचंदांचे वैभव ओसरले, परंतु विद्यापीठाच्या हाती सोपविलेला निधी टिकला आणि त्याच्या व्याजावर पिढ्यान्‌पिढ्या संशोधक पोसले गेले. दात्याची संपत्ती बुडाली तरी नीट बांधलेला निधी बुडत नाही, ही गोष्ट आशुतोषांनी तरुणपणीच लाभार्थी म्हणून अनुभवली होती. पुढे दात्यांशी व्यवहार करताना ती त्यांच्या उपयोगी पडली.

गणितातील त्यांचे शोधनिबंध परदेशी नियतकालिकांत प्रसिद्ध होत होते. तथापि त्या काळच्या कलकत्त्यात गणितज्ञाला संशोधनावर चरितार्थ चालविता येईल अशी जागाच नव्हती. आशुतोष कायद्याकडे वळले. उच्च न्यायालयात त्यांची वकिली बहरली, १८९४ मध्ये ते विधिशास्त्राचे डॉक्टर झाले आणि १९०४ मध्ये त्याच न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ज्या विद्वानाला विद्यापीठ पोटाला लावू शकले नाही, त्यानेच पुढे विद्वानांना पोटाला लावणारे विद्यापीठ उभारण्यास आयुष्य वेचले. त्यांच्या कार्याच्या मुळाशी ही व्यक्तिगत वंचना असावी, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

१८८९ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, आशुतोष विद्यापीठाच्या सीनेटचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी सिंडिकेटवरही गेले. १८५७ मध्ये मुंबई व मद्रास विद्यापीठांबरोबर स्थापन झालेले हे विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर केवळ परीक्षा घेणारे होते. अध्यापन कॉलेजांत होई. विद्यापीठ प्रश्नपत्रिका काढी, उत्तरपत्रिका तपासून घेई आणि पदव्या देई. त्याच्या जमेच्या बाजूस परीक्षाशुल्क, आणि खर्चाच्या बाजूस परीक्षकांचे मानधन, छपाई व कार्यालय. असा अर्थसंकल्प संमत करण्यास धोरणाची गरज नसते. सीनेटमध्ये आजीव सभासदांची गर्दी होती. त्यांपैकी अनेकांना हे पद शोभेचे वाटे. आशुतोषांनी मात्र तेथील इतिवृत्ते, नियम आणि हिशेब यांचा असा अभ्यास केला की कुलगुरू होण्यापूर्वीची सतरा वर्षे हीच त्यांची खरी उमेदवारी ठरली. नियामक मंडळाच्या सदस्याला प्रशिक्षण द्यावे लागते, ही कल्पनाही त्या काळी नव्हती. त्यांनी ते स्वतःचे स्वतःच घेतले.

या उमेदवारीत त्यांना एक पराभवही पत्करावा लागला. १८९१ मध्ये त्यांनी उच्च परीक्षांत देशी भाषांना स्थान द्यावे असा प्रस्ताव मांडला. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांच्यासारख्यांचा पाठिंबा असूनही तो फेटाळला गेला. प्रस्तावाचे समर्थन साहित्यिक गुणांवर केले होते. निर्णय मतांवर झाला. सीनेटची रचना कशी आहे आणि पैसा कोणाच्या हाती आहे, यावर भाषेचे भवितव्य अवलंबून असते, हा बोध त्यातून निघण्याजोगा होता.

१९०४ च्या विद्यापीठ कायद्याने ही रचना बदलली. लॉर्ड कर्झन यांच्या पुढाकाराने झालेल्या या कायद्यानुसार जुन्या विद्यापीठांतील सामान्य सभासदांची संख्या अधिकात अधिक शंभर ठरली, मुदत पाच वर्षांची झाली, आणि बहुसंख्य जागा कुलपतींच्या नियुक्तीसाठी राहिल्या. विद्यापीठे सरकारच्या मुठीत जाणार ही भीती उघड होती, आणि केंद्रीय कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी या विधेयकाला कसून विरोध केला.

गोखल्यांचा विरोध अनुभवातून आलेला होता. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे शिकविण्याचे व्रत घेत आणि संस्थेचा कारभारही तेच पाहत. वर्गात शिकविणारा मनुष्यच वर्गणी गोळा करी, इमारतीचा खर्च तपासी आणि हिशेबाला उत्तरदायी असे. बाहेरच्या मिळकतीच्या प्रश्नावरून या मंडळात तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले, ही गोष्टही त्याच व्यवस्थेची कठोरता दाखविते. संस्थेचे सचिव म्हणून कॉलेजचा जमाखर्च सांभाळलेले गोखले १९०२ पासून साम्राज्याच्या अर्थसंकल्पाची चिकित्सा करू लागले, यात आश्चर्य नाही. पुण्याची ही पद्धत लहान आणि एका व्रताने बांधलेल्या मंडळाला साधणारी होती. कलकत्त्याच्या अवाढव्य विद्यापीठात शंभर सभासद शंभर दिशांनी येत. त्यांना बांधणारे व्रत नव्हते, आणि म्हणूनच तेथे एका प्रबळ व्यक्तीची गरज व तिचा धोका, दोन्ही संभवत होते.

ती व्यक्ती १९०६ मध्ये कुलगुरुपदी आली. नव्या कायद्याने सरकारचे नियंत्रण वाढविले होते हे खरे. परंतु त्याच कायद्यात विद्यापीठाला प्राध्यापक नेमण्याचा आणि संशोधनास उत्तेजन देण्याचा अधिकारही होता. इतरांनी ज्यात बेडी पाहिली त्यात आशुतोषांनी किल्ली पाहिली. हे वर्ष बंगालच्या फाळणीविरुद्ध उसळलेल्या चळवळीचे होते. राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन होत होती आणि सरकारमान्य विद्यापीठाला गुलामांचा कारखाना म्हणून हिणवले जात होते. आशुतोषांनी बहिष्काराचा मार्ग नाकारला. सरकारी चौकटीत राहून तिच्यातच स्वायत्त संस्था घडविता येईल असे त्यांनी मानले. नव्या नियमांत देशी भाषेतील लेखन पदवीपर्यंत आवश्यक करून त्यांनी १८९१ च्या पराभवाची अंशतः भरपाई केली.

मुख्य प्रश्न पैशाचा होता. दरभंग्याच्या महाराजांच्या अडीच लक्षांतून ग्रंथालयाच्या इमारतीची सोय झाली. १९१२ मध्ये बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी जमीन व रोकड मिळून सुमारे पंधरा लक्षांची मालमत्ता विज्ञानाच्या अध्यापनासाठी दिली. १९१३ मध्ये रासबिहारी घोष यांनी दहा लक्ष दिले. दोघेही कायदेपंडित, आणि दानपत्रे स्वीकारणाराही कायदेपंडितच. त्यामुळे ती पत्रे काटेकोर झाली. अध्यासनांवर भारतीयच नेमावेत आणि विद्यापीठाने स्वतःच्या निधीतूनही भर घालावी, अशा अटी त्यांत होत्या. देणगीला अट असण्याविरुद्ध आशुतोषांचा आक्षेप कधीच नव्हता. अट विद्येच्या वाढीसाठी आहे की तिला लगाम घालण्यासाठी, एवढेच ते पाहत.

दुसऱ्या प्रकारच्या अटीचा अनुभव १९१३ मध्ये आला. अब्दुल रसूल, अब्दुल्ला सुऱ्हावर्दी आणि काशीप्रसाद जयस्वाल यांच्या अधिव्याख्यातेपदावरील नेमणुकांना भारत सरकारने राजकीय कारणांवरून हरकत घेतली. २७ मार्च १९१४ रोजी विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसविल्यानंतर थोड्याच दिवसांत आशुतोषांची कुलगुरुपदाची मुदत संपली, आणि ती वाढविण्यात आली नाही.

पद गेले तरी सूत्रे गेली नाहीत. १९१७ मध्ये कलकत्त्यातील सर्व पदव्युत्तर अध्यापन विद्यापीठाने आपल्याकडे घेतले आणि कला व विज्ञान यांच्या पदव्युत्तर मंडळांचे नेतृत्व आशुतोषांकडे आले. त्यांची पारख अपूर्व होती. अर्थखात्यातील सुरक्षित नोकरी सोडून चंद्रशेखर वेंकट रामन पालित अध्यासनावर आले. प्रफुल्लचंद्र राय यांनी रसायनशास्त्राची धुरा घेतली. सत्येंद्रनाथ बसू व मेघनाद साहा हे तरुण अधिव्याख्याते झाले. प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर १९१७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे सुपुत्र देवदत्त भांडारकर आले आणि १९३६ पर्यंत तेथे राहिले. तौलनिक भाषाशास्त्रासाठी इराच तारापोरवाला, तत्त्वज्ञानासाठी १९२१ मध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन, भारतीय भाषाशास्त्रासाठी १९२२ मध्ये सुनीतिकुमार चट्टोपाध्याय, अशी माणसे प्रांताची सीमा न मानता जमविली गेली.

१९१९ मध्ये सुरू झालेला भारतीय देशी भाषांचा एम. ए. अभ्यासक्रम हा या सर्व खटाटोपाचा सर्वांत धाडसी भाग होता. विद्यार्थ्याने एक भाषा मुख्य म्हणून घ्यावी, दुसरी भारतीय भाषा जोडीला शिकावी आणि दोहोंच्या मुळाशी असलेल्या प्राकृतादी भाषांचाही परिचय करून घ्यावा, अशी त्याची आखणी होती. बंगालीबरोबर हिंदी, ओडिया, असमिया, मैथिली, गुजराती, मराठी आणि दक्षिणेतील भाषा तेथे अभ्यासाला खुल्या झाल्या. ज्या काळी मराठीच्या स्वतःच्या प्रदेशातही तिच्या उच्च अध्ययनाची व्यवस्था अपुरी होती, त्या काळी हुगळीच्या काठी तिच्यासाठी जागा राखली गेली. भारतीय साहित्य हा एकत्र अभ्यासाचा विषय आहे, हा विचार येथे अंदाजपत्रकातील खर्चाची बाब म्हणून प्रथमच मान्य झाला. मूठभर विद्यार्थ्यांसाठी अनेक भाषांचे अध्यापक ठेवणे व्यापारी हिशेबाने तोट्याचेच होते. आशुतोषांनी तो तोटा जाणूनबुजून स्वीकारला.

तथापि तोटा कोठून तरी भरून काढावा लागतो. दानपत्रांतून अध्यासने मिळत. प्रयोगशाळेचा रोजचा खर्च, साहाय्यकांचे वेतन, ग्रंथांची खरेदी यांस त्यांतून पुरेसे मिळत नसे. साहित्याच्या विषयांना तर विज्ञानासारखे मोठे दातेही लाभले नाहीत. हा भार परीक्षाशुल्काच्या एका ठराविक वाट्यावर आणि त्यातही मॅट्रिकच्या हजारो परीक्षार्थींवर पडला. खेड्यातील मुलाने भरलेल्या शुल्कातून कलकत्त्यातील संशोधन चालत होते. विद्यार्थ्यांची संख्या वाढत होती तोवर ही रचना भक्कम वाटली. १९१७ मध्ये नेमलेल्या सॅडलर आयोगाने आपल्या १९१९ च्या अहवालात माध्यमिक परीक्षा विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे द्याव्यात असे सुचविले. आशुतोष स्वतः त्या आयोगाचे सदस्य होते. शिफारस शैक्षणिकदृष्ट्या योग्य होती. पण पर्यायी निधी न देता ती अमलात आली असती तर पदव्युत्तर विभागाचा पायाच निखळला असता.

आघात मात्र दुसऱ्याच बाजूने आला. १९२१ मध्ये असहकाराच्या चळवळीने परीक्षार्थींची संख्या घटली; त्याच वर्षी ढाका विद्यापीठ सुरू झाले. शिक्षण हे सोपीव खाते झाल्याने विद्यापीठाचा संबंध भारत सरकारऐवजी बंगाल सरकारशी आला आणि कुलपतिपद व्हाइसरॉयकडून गव्हर्नरकडे गेले. बंगाल प्रांत स्वतःच तुटीत होता. १९२२ मध्ये त्याला नवे कर बसवावे लागले. अशा वेळी आशुतोष दुसऱ्यांदा कुलगुरू झाले. तिजोरीत खडखडाट होता, अध्यापकांचे वेतन आणि परीक्षकांचे मानधन थकले होते.

१९२२ मध्ये बंगाल सरकारने अडीच लक्षांचे अनुदान देऊ केले आणि त्याला अटी जोडल्या. आर्थिक स्थिती सुधारेपर्यंत खर्च वाढविणारा कोणताही विस्तार करू नये, अर्थसंकल्पाची फेररचना करावी, जमाखर्चाची विवरणे सरकारकडे नियमितपणे पाठवावीत, असा त्यांचा आशय होता. वरवर पाहता यांपैकी कोणतीही मागणी अवाजवी नव्हती. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे हे नव्याने अधिकारावर आलेल्या लोकप्रतिनिधींचे कर्तव्यच होते. रामानंद चट्टोपाध्याय यांच्या मॉडर्न रिव्ह्यू मासिकातून विद्यापीठाच्या आर्थिक कारभारावर परखड टीका होत होती, आणि इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्यासारखा विद्वान टीकाकारांत होता. सरकारचा कैवार घेणारी ही माणसे नव्हती. हाताशी निश्चित उत्पन्न नसताना विभागांमागून विभाग उघडणे, आणि सीनेटला घडून गेलेल्या गोष्टीवर शिक्का मारण्यास लावणे, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

आशुतोषांनी डिसेंबर १९२२ मध्ये सीनेटपुढे या अटींचे एकेक कलम न्यायाधीशाच्या शिस्तीने तपासले. हिशेब दाखविण्यास त्यांची ना नव्हती. परंतु कोणता विषय शिकवावा आणि कोणता बंद करावा याचा निर्णय खजिन्याच्या कारकुनाकडे जाणे त्यांना अमान्य होते. अनुदानासाठी स्वातंत्र्य विकण्यापेक्षा दारोदार हिंडून भिक्षा मागणे त्यांनी श्रेयस्कर ठरविले. अध्यापकांची उपासमार होईल याची जाणीव असूनही सीनेट त्यांच्यामागे उभी राहिली. प्रफुल्लचंद्र रायांसारख्यांनी साठीनंतरचे आपले वेतनच विद्यापीठाला देऊन टाकले होते. परंतु सर्वच अध्यापकांना असा त्याग परवडणारा नव्हता, हेही विसरता येत नाही.

मार्च १९२३ मध्ये कुलपती लॉर्ड लिटन यांनी, सरकारशी सहकार्य करण्याची हमी मिळाल्यास पुनर्नियुक्ती होऊ शकेल, अशा अर्थाचे पत्र आशुतोषांना पाठविले. आशुतोषांनी ते पद अत्यंत तिखट शब्दांत नाकारले. हा पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला आणि सर्व देशात गाजला. भूपेंद्रनाथ बसू कुलगुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस आशुतोष न्यायालयातून निवृत्त झाले आणि पुन्हा वकिली करू लागले. डुमराव संस्थानच्या खटल्यासाठी पाटण्यास गेले असता २५ मे १९२४ रोजी, साठी पुरी होण्यास महिनाभर उरला असताना, त्यांचे तेथे निधन झाले.

या संघर्षाचा निवाडा सोपा नाही. सरकारची अट आणि सरकारचा हेतू यांत आशुतोषांनी जो भेद केला तो बरोबर होता. हिशेबाची तपासणी आणि विद्येची दिशा ठरविणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिल्याच्या मिषाने दुसरे हाती घेण्याचा मोह प्रत्येक सत्तेला होतो. परंतु सत्तेला तसे करण्यास वाव राहू नये, यासाठी विद्यापीठाच्या आतच कठोर तपासणी असावी लागते. ती उभारण्यात आशुतोष कमी पडले. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ, भाषाशास्त्रज्ञ, इतिहासकार निवडले. आपल्याला आकडे विचारू शकेल असा सीनेटचा सभासद घडविला नाही. स्वतः सतरा वर्षांत मिळविलेले ज्ञान त्यांनी संस्थेची रीत न बनविता स्वतःजवळ ठेवले. त्यांच्याइतका जमाखर्च जाणणारा दुसरा कोणी नव्हता, हीच त्यांची ताकद होती; विद्यापीठाची दुर्बलताही तीच होती.

इंग्लंडमध्ये सरकारी खजिना आणि विद्यापीठे यांच्यामध्ये विद्वानांची अनुदान समिती १९१९ मध्येच स्थापन झाली होती. भारतात विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ मध्ये आला आणि त्याला १९५६ मध्ये कायद्याचे अधिष्ठान मिळाले. अशी मध्यस्थ यंत्रणा १९२२ मध्ये बंगालात असती, तर तो वाद कदाचित एवढा विकोपाला गेला नसता. परंतु मध्यस्थ यंत्रणाही सभासदांच्या डोळसपणाची जागा घेऊ शकत नाही. अंदाजपत्रकाच्या सभेला येणाऱ्याने कोणता निधी कशासाठी बांधलेला आहे, कोणते उत्पन्न एका वर्षाच्या वाऱ्याने उडून जाणारे आहे, आणि कोणता तोटा विद्येसाठी सोसण्याजोगा आहे, हे जाणून यावे लागते.

आशुतोषांचा ऐंशी हजारांहून अधिक ग्रंथांचा संग्रह पुढे त्यांच्या कुटुंबीयांनी कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास दिला. भारतीय भाषांचा त्यांनी आरंभलेला एकत्र अभ्यास अनेक विद्यापीठांत निरनिराळ्या नावांनी रुजला. त्या विभागांत विद्यार्थी मोजके असतात, आणि म्हणून काटकसरीची वेळ आली की नजर प्रथम त्यांच्याकडे वळते. अशा वेळी त्या विभागाचा खर्च समजून घेऊन त्याच्या बाजूने बोलू शकणारा एक तरी सभासद नियामक मंडळात आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.